अकरा सेकंद

बावीस वर्षं मी विमानांसाठी सिनेमे कापले.
बरबँकमध्ये, बिनखिडकीच्या खोलीत,
शेजारी निवलेली कॉफी आणि एक यादी:
चुंबन चालेल, लांबलेलं नको.
रक्त चालेल, वाहतं नको.
देवाचं नाव रागात घेतलेलं नको.
आणि पडणारं विमान तर कधीच नको,
मग त्यावाचून गोष्ट लंगडली तरी बेहत्तर.

शिव्यांसाठी एक गृहस्थ यायचे, मिस्टर हॅल्व्हर्सन,
रविवारी चर्चमध्ये गाणारे, कुणाच्याही आवाजात बोलणारे.
खुनी पिस्तूल रोखायचा आणि ओरडायचा,
"अरे लबाडा!"
काचेच्या दोन बाजूंना आम्ही दोघं
हसून हसून रडायचो.

तेव्हा पडदा एकच असायचा,
छतातून खाली येणारा, सगळ्यांचा.
पाद्री, तान्ही मुलं, फ्रेस्नोचे मनुकेवाले,
सगळ्यांनी एकदम हसायचं, एकदम झोपायचं.
लाजही सार्वजनिक होती
आणि तिची राखण माझ्याकडे.

मग प्रत्येक पाठीला आपापला पडदा आला.
कंपनीने निरोपाचा केक आणला, विमानाच्या आकाराचा,
वर नाव चुकलेलं, अराक्सीऐवजी रॉक्सी.
पंख मीच कापले. सवय होती.

आता पॅरिसहून येरेवानला चाललेय.
बहीण गेली काल. शुशान.
एकतिसावी रांग, मधली सीट.
पुढच्या रांगेत, तिरका, एक टकला माणूस सिनेमा निवडतो.
पडदा बजावतो: प्रौढांसाठी. न कापलेला.
शेजारच्यांचं भान ठेवा.
तो भान ठेवल्यासारखा इकडेतिकडे बघतो
आणि 'ठीक आहे' दाबतो.

दीपगृहाचा जिना, पिवळी बादली.
हा माझ्या हातून गेलेला.
अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला म्हातारी टबात बसवते,
स्वतःचे कपडे उतरवून त्याच्या पाठीमागे शिरते
आणि त्याचा खांदा धुते. एवढंच.
कागदावर मी लिहिलं होतं: नग्नता, अकरा सेकंद.
दाराच्या कडीवरून थेट सकाळच्या किटलीवर आणलं,
सांधा असा की बॉसने पाठ थोपटली.
पुढे डुलुथहून एका बाईंचं पत्र आलं:
ती किटलीपाशी का रडते?
मधे माझा डोळा लागला होता का?
उत्तरं द्यायची आमच्यात पद्धत नव्हती.

कडी निघते. वाफ.
बटणं, एकेक.
आणि नेमके तेव्हाच कॅप्टन बोलू लागतात.
विमानभर सगळे पडदे जागच्या जागी गोठतात.
पुढे हवा खराब आहे, फ्रेंचमध्ये.
पट्टे बांधा, इंग्रजीत.
मग आर्मेनियनमध्ये पुन्हा पहिल्यापासून, सावकाश.
तोवर म्हातारी तिथेच,
ओघळलेले स्तन, पोटावर जुनी शिवण,
हात त्याच्या खांद्यावर.

टकला माणूस घाबरून दिसेल ते बटण दाबतो.
उजेड आणखी वाढतो.
पलीकडची आई मुलाच्या डोळ्यांवर हात धरते.
मुलगा हाताखालून हळूच विचारतो,
ते आजोबा आजारी आहेत का?
आई बघते. आत्ता नीट बघते.
हो, म्हणते.
हात काढत नाही. बोटं जराशी फाकतात.

मी मोजत राहते, खोड जात नाही.
अकरा. बारा. चाळीस. दोनशे.
ग्युमरीत शुशानला आत्ता आंघोळ घालत असतील
शेजारणी, ज्यांची नावंही मला धड आठवत नाहीत.
मी पोचेन तेव्हा ती केस विंचरलेली, काळ्या झग्यात,
आणि स्वयंपाकघरात कुणीतरी माझ्यासाठी
किटली ठेवलेली.

विमान एकदा धप्पकन खाली येतं.
कुणीतरी देवाचं नाव घेतं, रागातच.
कॅप्टन थांबतात. पाणी पुन्हा वाहू लागतं,
आणि तो बिचारा, लाजेने लाल,
सगळा पडदा पाठीने झाकत पुढे वाकतो.

मी त्याच्या खांद्यावर टकटक करते.
जरा सरका, म्हणते,
मला दिसत नाहीये.