हातासरशी

जाहिरात मी लिहिली होती मोजक्या शब्दांत,
चष्म्याच्या नंबरासारखी:
दोन मुलं, चार खोल्या, बाजारहाट.
माणूस एकच हवं. आठ ते पाच.
आणि तळाशी, कागद उरला म्हणून,
हातासरशी इतर किरकोळ कामं.

नेल्बा आली जुलैच्या कडाक्यात.
मोंतेविदेओत वारा न विचारता घरात शिरतो,
ती मात्र पायपुसण्यावर थांबली.
वय चोपन्न, मूळची ताकुआरेम्बोकडची.
येर्बाचा कडू चहा पुढे केला, तिने एक घोट घेतला,
पाणी फार उकळलंय, म्हणाली,
आणि पिशवीतून चष्मा काढला.
उजवी काडी दोऱ्याने बांधलेली.
माझा धंदाच चष्म्यांचा. नजर तिथेच गेली.
गप्प राहिलो.

तिने कागद वाचला, वकील वाचतात तसा.
मुलं: ठीक. खोल्या: ठीक, खिडक्या बाहेरून नाही.
बाजारहाट: गॅसची टाकी उचलणार नाही. पाठ.
मग तळाशी बोट ठेवलं.
"हा शब्द मी ओळखते.
याच्या घरी मी एकोणीस वर्षं काढलीत."

हातासरशी कुत्र्याला इन्सुलिन टोचायचे,
दर बारा तासांनी, म्हणजे रविवारीही.
हातासरशी बाईंच्या आईला फोनवर सांगायचे,
बाई आंघोळीला गेल्यात.
मुलाच्या वहीत वडिलांची सही करायला शिकले,
शाळेला ती शेवटपर्यंत खरी वाटली,
एकदा खऱ्या सहीवरच त्यांनी शंका घेतली.
त्याच घरातले आजोबा गेले तेव्हा मी इस्त्री करत होते.
उशाशी कोणी नव्हतं. हातासरशी डोळे मिटले त्यांचे.
पण आधी इस्त्री बंद केली.
आधी इस्त्री.

गाऱ्हाणं नव्हतं ते.
दुकानदार सुट्टे मोजतो, तसं सांगितलं.
आणि लगेच मलाच विचारलं:
दूध उतू चाललंय, धाकटी तापलीय,
गॅसवाला खाली बेल मारतोय.
तुम्ही आधी काय करता?

सात महिने झाले, या घरात दुसरं मोठं माणूस नाही.
उत्तर पाठ असायला हवं होतं.
दूध, म्हणालो. मग म्हणालो, धाकटी.
मग खरं ते सांगितलं:
मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. नुसता.

नंबर जुळल्यासारखी तिने मान हलवली.

इतक्यात बाउतिस्ता आला, अनवाणी, तोंडात बोट.
माझ्याकडे नाही, थेट तिच्याकडे.
"लोंबतोय. ओढ ना."
तिने कागद उचलला, वरून खाली बोट फिरवलं,
"यात दात नाहीये," गंभीरपणे त्याला म्हणाली,
"शिवाय मी अजून कामाला लागले नाही. बाबांना सांग."
"बाबा रक्ताला भितात."
"मग बाबांना रुमाल दे."

दोरा कुठे असतो या घरात?
एक खण उघडला, दुसरा उघडला,
बॅटरीचे सेल सापडले, लग्नातल्या मेणबत्त्या सापडल्या.
तिने काही न बोलता
स्वतःच्या चष्म्याचा दोरा सोडला
आणि माझ्या हातात दिला.

किती सोपं होतं. टक् झालं नि संपलं.
तो दात मुठीत घेऊन आरशाकडे पळाला,
मी रुमाल धरून तसाच उभा,
आणि टेबलावर तिचा चष्मा,
एका काडीचा.

माझी हत्यारं खिशातच असतात.
तांदळाच्या कणीएवढा स्क्रू, दोन फिरक्या,
काच पुसली, हातात दिला.
"किती झाले?"
"छे, त्याचं काय, हातासर..."
जीभ चावली. पण शब्द पडून गेला होता, टेबलाच्या मधोमध.

तिने चष्मा लावला, पाकीट उघडलं,
नव्वद पेसो मोजून ठेवले.
"पावती द्या," म्हणाली. "मग पगाराचं बोलू."