अर्धा क्लच

सीट पुढे सरकवलेली.
हँडलला लोंबकळून वर चढलो तेव्हा पहिलं हेच कळलं.
रुपेशचे पाय माझ्याहून आखूड.
आरसाही त्याच्याच डोळ्यांना लावलेला :
त्यात गाडीचं मागचं चाक नाही, आनंदवाडीचं आभाळ दिसतं
आणि बंदरावर घिरट्या घालणारी एक घार.

फेब्रुवारीत बर्फाची लादी फळीवरून सुटली
तेव्हा मी खाली उभा होतो,
हात करून म्हणत होतो, येऊ दे, येऊ दे.
आली.

ओरोसला घोट्यात एक पट्टी घातली, सहा स्क्रू.
डॉक्टर फोटो उजेडापुढे धरून म्हणाले, छान बसलंय.
मी म्हटलं, क्लचचा पाय आहे साहेब.
ते म्हणाले, दोन्ही पाय महत्त्वाचे असतात.

कासमशेठने दोन महिने अर्धा पगार पाठवला,
तिसऱ्या महिन्यात बांगड्यांची पिशवी.
मग बंदी लागली, होड्या वर ओढल्या,
अख्ख्या बंदराचीच कमाई थांबली.
त्यात माझं घरी बसणं मिसळून गेलं,
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सुलभा काजूच्या कारखान्यात जाऊ लागली.
रात्री काळ्या पडलेल्या बोटांनी भिरंडेल चोळायची घोट्याला,
आतले स्क्रू मोजत असल्यासारखी.
कधी जाणार, असं एकदाही विचारलं नाही.
ते न विचारणं
मी रोज उशाला घेऊन झोपायचो.

आज बंदरावर जो तो म्हणतो, कसो आसस?
आणि उत्तर पायाकडे बघून ऐकतो.
शेठ म्हणतो, जमतला मां?
जमतला.
रुपेश किल्ली देतो. तिला नवा छल्ला,
लाल प्लास्टिकचा बदाम.
तो काढायला लागतो, नखाने, घाईघाईत.
रवांदे, म्हणतो मी.
सीट मात्र मागे घेतो.

जामसंडे. तळेबाजार. शिरगाव.
प्रत्येक गिअरला घोटा आपलं मत देतो.
नांदगाव तिठ्यावर चहा टाळला :
उतरलो तर परत चढावं लागेल.
रुपेश खिडकीबाहेर बघत बसलाय,
पण त्याचा डावा पाय
माझ्याआधी दाबला जातो, रिकाम्या पत्र्यावर.

फोंडा घाटात, वळणावरच, एसटी अडली.
वरून साखरेचा ट्रक, त्याच्यामागे आणखी दोन.
एसटी वीतभर सरकते, थांबते.
मी वीतभर सरकतो, थांबतो.
हँडब्रेक नावापुरता, तो बदलू बदलू म्हणत शेठची दाढी पिकली.
अर्धा क्लच. परत अर्धा क्लच.
चार टन बांगडा आणि बर्फ
सहा स्क्रूंवर.
आधी गुडघा थरथरला, मग मांडी,
मग स्टिअरिंगवरचा हात, ज्याला काहीच झालं नव्हतं.

रुपेशने दार उघडलं.
आता फिरून माझ्या बाजूला येईल,
म्हणेल, सरा, मी घेतंय.
मी सरलोही असतो. एवढा वेळ
तोंडात तयार ठेवलेली शिवी गिळून सरलो असतो.

तो आला नाही.
सीटमागचा धोंडा घेऊन पावसात उतरला.
सात महिने ही गाडी ज्याने हाकली
तो मागच्या चाकाशी ओणवा झाला.
मग बॉडीवर दोन थापा,
जशा तो क्लिनर म्हणून आला
त्या पहिल्या आठवड्यात मी शिकवल्या होत्या.

मी पाय उचलला.
क्लचवरून पूर्ण उचलला, खाली टेकवला,
आणि वायपरच्या चार फेऱ्या
काहीच केलं नाही.

दाजीपूरला धुकं होतं.
गाडी बाजूला घेतली. बर्फाचं पाणी मागून ठिबकत होतं,
एक कुत्रं ते चाटायला आलं.
रुपेश ओल्या शर्टात काकडत बसलेला.
म्हणायचं बरंच काही होतं. म्हटलं,
'धोंडो उचललंस मां? रस्त्यात रवलो तर कोण तरी मरात.'
'उचललंय,' तो म्हणाला,
आणि पायाने दाखवला.