मागचा टाका

सीपीआरची नाईट उतरून
राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, वरच्या मजल्यावर
जर्मनच्या क्लासला येऊन बसते.
डोळ्यांत अजून वॉर्ड नंबर नऊ.
हुक्केरीकर मॅडम फळ्यावर लिहितात:
क्रांक, आजारी.
क्रांकहाइट, आजार.
"मागं हाइट लागलं की गुणाचं नाम होतं,
आणि ते नाम बाईच असतं. नेहमी. अपवाद नाही."
मागच्या बाकावरची सुकेशनी म्हणाली,
"म्हणजे आजारपण तिकडंही बाईच्याच गळ्यात?"
मॅडम हसल्या नाहीत.

म्हणाल्या, हे हाइट एकेकाळी अख्खा शब्द होतं.
तऱ्हा, रीत, एखाद्याचं असणं कसं आहे ते.
वाक्यात एकटं उभं राहायचं.
मग दुसऱ्यांच्या मागं मागं चालू लागलं
आणि एक दिवस
त्याला स्वतःचं दारच उरलं नाही.
डचांकडं हेइट, स्वीडनला हेत,
इंग्रजी बालपणात हूड:
लांब लांब दिलेल्या बहिणी,
नाकावरनं ओळखू येतात.

सुभाषनगरात आबा
ओला तळ मांडीवर घेऊन वादी ओवतायत.
खिळा नाही. आरी, वादी आणि दातांची पकड.
मी विचारते, माणूसला 'की' लावली तर?
"माणुसकी."
पाटीलला?
"पाटीलकी. त्यात काय?"
भाऊबंदला?
आबांनी आरी खाली ठेवली.
"त्याची तारीख पंधराला हाय."

रात्री वहीत लिहिते
एकटी, आइनझाम.
एकटेपण, आइनझामकाइट.
आपलं हे 'पण' मोठं बेभरवशाचं,
जरा सुटं लिहिलं
की वाक्य तिथंच अडून बसतं.
एकटी, पण.
पण काय, ते ऑक्टोबरात कळेल.
कासेल नावाचं गाव आहे,
म्हाताऱ्यांचा दवाखाना आहे,
त्यांचं अंग पुसताना कुठला शब्द
कुणाच्या मागं लावायचा
हे मॅडमच्या फळ्यावर नव्हतं.

तेवढ्यात चामड्याच्या भुशानं आबा शिंकले.
माझ्या तोंडून सटकन निघालं, गेझुंडहाइट!
"काय म्हनलीस?"
तिकडं शिंकलं की म्हणतात. म्हणजे, बरेपण.
"असलं कोण बोलत न्हाई आपल्यात."
त्यांनी बाहीला नाक पुसलं,
वादी ताणून गाठ मारली,
आणि तळ उलटा करून टाका बघत म्हणाले,
"आता बोललीस की."