अनामत

जांभळी नाक्याच्या आत आमचं नाटकांच्या कपड्यांचं दुकान.
वहीत रकाने सहा:
नाव, भूमिका, कंबर, अनामत, नेलं, परत.

मथुरेंची पहिली नोंद वडिलांच्या अक्षरात आहे.
शरच्चंद्र मथुरे, खारकर आळी.
शिपाई. एकोणतीस. रुपये दोन.
गडकरी रंगायतनच्या भिंतींना तेव्हा ओल्या रंगाचा वास यायचा
आणि त्यांना वाक्य होतं एकच:
‘साहेब, गाडी आली.’
ते त्यांनी दुकानाच्या आरशासमोर तीन तऱ्हांनी म्हटलं.
वडील शाईत टाक बुडवत म्हणाले,
दुसरी तऱ्हा घ्या,
तिच्यात गाडी खरंच आलेली दिसते.

पोटासाठी वागळे इस्टेटमध्ये टाइमकीपर.
दिवसभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपायच्या
आणि तीनच्या ठोक्याला मागच्या फाटकातून
स्वतः सटकायचं, बिननोंदीचं.
कंपनीला टाळं लागलं
त्या वर्षापासून वहीत त्यांची पानं दाट होत जातात.
इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर. तलाठी. डॉक्टर. इन्स्पेक्टर.
घोडबंदर रोडच्या बंगल्यांतून मालिका सुरू झाल्या
तेव्हा एकाच बुधवारी त्यांनी
सकाळी एकाला फाशी सुनावली,
दुपारी दुसऱ्याला तपासून चष्मा काढला,
रात्री तिसऱ्याच्या मुलीला पोहे खाऊन नापसंत केलं.
कंबर चौतीस.

‘नंदू, खाकी जरा ढगळ दे,’ म्हणायचे,
‘हा इन्स्पेक्टर पैसे खात नाही.’
परत करताना कॉलर स्वतः पुसून आणायचे,
खिसे उलटे करून दाखवायचे.
तरी एकदा न्यायाधीशाच्या कोटात चणे निघाले.

लोक त्यांना ओळखायचे, नाव सोडून.
मासळी बाजारात एक बाई म्हणाली,
तूच ना रे, सुनेला भर रात्री घराबाहेर काढणारा?
आणि सुरमईचे वीस रुपये जास्त लावले.
यांनी दिले.
भूमिकेचा खर्च आहे, म्हणाले.
पडद्यावर नावं सरकायची ती इतकी भरभर
की त्यांची बायको नुसता ‘म’ बघून टाळी वाजवायची.
एकदा मथुरेचं माथूर छापलं.
मी चिडलो.
हे म्हणाले, जाऊ दे, त्या बिचाऱ्यालाही काम मिळालं.

एकदाच आले वेगळ्या कारणाने.
बंद गळ्याचा कोट, फेटा. मुलीचं लग्न.
सवयीने विचारलं, भूमिका?
‘मुलीचा बाप.’
मग थांबले. ‘नको, खोड ते.
मुलीचा बाप मी किती वेळा केलाय.
हा तो नव्हे.’
आरशासमोर उभे राहिले
आणि हात मागे बांधले, सोडले, खिशात घातले, काढले.
‘नंदू, यांचं काय करू?’
इतक्या वर्षांत हा प्रश्न
त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता.
मी रकाना मोकळा ठेवला.

शेवटची नोंद माझी आहे.
खाकी शर्ट, टोपी.
पँट नको म्हणाले.
‘क्लोजअप आहे. अडतीस वर्षांनी लागलाय.
खाली लेंगा चालेल.’
कंबरेच्या रकान्यात नुसती रेघ मारली,
बरंच झालं,
टेप लावायची माझी हिंमत नव्हती.

महिन्याने मुलगी आली शर्ट घेऊन.
अनामत घेतली नाही.
बाबांचा एखादा फोटो आहे का, म्हणाली,
आमच्याकडे आहेत त्यांत
सगळे कपडे तुमचेच आहेत.
मी गल्ला उघडला, बंद केला.
शोधतो म्हटलं.
शर्टाला चांगली इस्त्री होती,
खिसे काही मी तपासले नाहीत.

परवा कळव्याचा एक पोरगा आला.
हवालदार, एकांकिकेतला. वाक्य एकच.
शर्ट चढवला, आरशात वळून पाहिलं,
खिशात हात घातला आणि म्हणाला,
काका, यात चणे आहेत.

असू देत, म्हटलं. खा.
आणि ते वाक्य म्हण बघू.