विषय क्रमांक तीन

मे महिन्यातला दुसरा रविवार.
इतवारीत ट्रस्टच्या माडीवर
कूलरचा पंप मधेच खोकतो,
खसाचा ओला वास सोडतो, गप्प होतो.
सात विश्वस्त. कोरम पुरा.
इतिवृत्त मी लिहितो, अठ्ठावीस वर्षं झाली.

विषय क्रमांक तीन: संस्थेचे उद्दिष्ट.
घटनेत एकच ओळ आहे, एकोणीसशे एकसष्टची:
‘गरजूंस चष्मे वाटणे.’
यंदा बाराशे चाळीस वाटले.
दरवर्षी टाळ्या याच आकड्यावर पडतात.

नंदनवार वकील म्हणाले, ‘सक्षमीकरण’ हवं.
भुसारी म्हणाले, ‘सर्वांगीण’ही घाला,
देणगीदारांना बरं वाटते.
मी दोन्ही शब्द लिहिले.
पानावर ते भाड्याच्या फेट्यांसारखे दिसले.

मग उत्पला गजभिये, नव्या विश्वस्त,
पेनाचं टोपण लावत म्हणाल्या,
‘वाटणं हे आपलं काम झालं.
त्यानं कोणाचं काय व्हावं?’

‘काहून? दिसावं! अजून काय!’
डोंगरे अण्णा चिडले.

‘कोणाला? काय?’

पंखा कागद उडवत राहिला.
कोणीतरी त्यावर चष्म्याची रिकामी डबी ठेवली.

इतिवृत्त लिहिणाऱ्याला मत नसतं.
तरी मी बोललो:
हंसापुरीत एक हेडाऊबाई आहे, मागावर बसते.
आपला चष्मा तिच्या कोनाड्यात,
डबीतच.
‘पेपर दिसते बाप्पा,’ म्हणाली,
‘पण मले पेपर कुठं वाचाचा हाय?
तुटला धागा तं हातभर दूर असते.’
आपण अंतर विचारलंच नव्हतं.
बाराशे चाळिसात तीही मोजलेली आहे.

वकील म्हणाले, हे विषयपत्रिकेत नाही.
बाई म्हणाल्या, लिहा.
मी फेटे खोडले. लिहिलं:
‘विणणाऱ्याला आपला तुटलेला धागा दिसावा.’
लगेच भुसारी: फक्त विणणारेच?
मग शिंपी आला, सोनार आला,
रात्रीच्या शाळेतली पोरं आली,
पैसा तेवढाच राहिला.
आधी कोण, यावर आवाज चढले,
चहा दोनदा आला,
गांधीबागेकडची दुकानं मिटायला लागली.

चर्चा अपूर्ण. पुढील सभेत.

जिन्यात अण्णांनी माझा खांदा धरला,
पायरी चाचपली, थांबले.
‘त्या बाईचा नंबर काय होता रे?’
मी रजिस्टर उघडलं.
तिच्या नावापुढं तारीख होती, अनुक्रमांक होता
आणि अंगठा.