साल

गोळ्या सुरू झाल्या तशी लघवी संत्र्यासारखी.
पंचफुला हसली, "आता शोभता नागपूरचे!"
चौथ्या महिन्यात खोकला गेला
अन् पाय जायला लागले.

आधी डावी चप्पल.
गोळीबार चौकात निसटली, मला कळलंच नाही,
एका पोरानं आणून दिली.
मग सिग्नलचा हिरवा फिका पडला.

मेडिकलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
जंतूंवर सोडलेली फौज
तुमच्याच नसांची साल सोलतेय.
फौज झोपवावी, तर जंतू अजून जागे.

तीस वर्षं मोटारी वाइंड केल्या मी.
साल गेलेली तार
बोटांना लगेच कळायची.

रात्री पंचफुला तळव्यावर किल्ली फिरवते.
"समजते का जी?"
मी हो म्हणतो.

किल्ली केव्हाचीच
पदराला बांधून झालेली असते.