खरवड

म्हापणच्या तिठ्यावरून आत, निवतीच्या वाटेला
पत्र्याची शेड, चार बाकं,
आणि खाऱ्या वाऱ्याने निम्मी खाल्लेली पाटी:
हॉटे… समु… किना…
मी वजनमापे खात्यातला.
महिन्यातला एक गुरुवार या पट्ट्यात.
रेशनचा काटा, मासळीचा तराजू,
किलोमागे पन्नास ग्रॅम जातात कुठे
हे शोधत हिंडायचं.

पहिल्यांदा पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.
“संपला सगळा, साहेबानू,” द्वारकाकाकी म्हणाली.
“इसवण नाय, सोलकढी नाय, भातूय नाय.”
ती स्वतःच जेवायला बसत होती.
माझं तोंड बहुतेक रिकाम्या ताटासारखं दिसलं असावं.
“आमचा चलात तुमका? मग बसा वायच.”

तिसऱ्यांच्या सुक्याचं रिकामं पातेलं
तिने कालथ्याने खरवडलं.
खर्र. खर्र.
तळाला धरलेलं खोबरं, तांबडं-काळं,
करपण्याच्या एक पाऊल अलीकडे थांबलेलं.
त्यात चार-दोन चुकार तिसऱ्या, शिंपली सुटलेल्या.
सकाळचं घावन, एव्हाना वातड,
खोबरेलात पुन्हा कुरकुरीत झालं,
त्यावर ती खरवड, त्यावर फोडलेलं अंडं,
आणि सगळ्यात शेवटी
बरणीतून मूठभर केळ्याचे वेफर्स, चुरून.
“वेफर्स?”
“मऊ पडलेत. टाकूचे खंय?”

मी बोटं चाटली.
सरकारी माणसाने चाटू नयेत इतकी.

त्यानंतर दर महिन्याला
परुळ्याच्या बाजारात मी एकच काटा दोनदा तपासू लागलो.
दुकानदारांना वाटलं, साहेब कडक झाला.
मी फक्त तीन वाजायची वाट बघत होतो.

मग डिसेंबरातल्या एका गुरुवारी
पाटीवर सगळी अक्षरं.
काकीचा प्रज्योत पुण्याहून परत आलेला,
बाहेर सात गाड्या, आत गॉगल डोक्यावर चढवलेली माणसं,
आणि लॅमिनेट केलेल्या कार्डावर
मधोमध:
खरवड स्पेशल, २०० ग्रॅम, १८० रुपये.

आता ती मुद्दाम करपवतात.
छोट्या छोट्या कढयांत, गॅसवर, वेळ लावून.
वेफर्स नवे, पाकीट समोर फोडतात.
मी मागवली. खाल्ली.
चांगली होती.
वजनही बरोबर होतं, तेवढं मी खात्रीने सांगू शकतो.
एक बोट चाटलं, मग हात धुतला.

गाड्या गेल्या तरी मी बसून राहिलो.
साडेतीन झाले. काकी पदराने मान पुसत आली,
माझ्यासमोरच्या बाकावर टेकली.
“आज काय जेवणार, काकी?”
“कायच उरूक नाय ओ.”
हे कौतुकाने म्हणाली की कसं,
ते मोजायचं माप माझ्या पेटीत नव्हतं.

आतून तिने पेज आणली, सकाळची, निवलेली.
चुलीत भाजलेला सुका बांगडा हातानेच मोडला,
तोरांच्या लोणच्याची एक फोड.
एका वाडग्याचे दोन केले,
मला विचारलंही नाही.
आम्ही भुरके मारत बसलो.
पोटात १८० रुपये असूनही मला भूक होती,
याचं मलाच नवल वाटत होतं.

“पेजेचे किती?”
“पेजेचे पैशे कोण घेता?”

मागे मोरीवर प्रज्योत कढया घासायला बसला.
तारेच्या घासणीचा आवाज सुरू झाला
आणि काकीचा भुरका अर्ध्यात थांबला.
मान वळवून ती ओरडली,
“रे, ती मोठी घासू नको!
हयसर हाड.
आणि येताना कालथो घेवन ये.”